वारा, पतंग आणि पाणी
बेंगळुरूहून रामेश्वर बेटावर नवशिक्याच्या सहलीची आखणी

प्रास्ताविक

संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर किंवा मैदानात पतंग उडविणाऱ्या मुलास एक गोष्ट पुस्तकाशिवाय कळलेली असते. वारा पडला की पतंग खाली येतो आणि वारा वाढला की मांजा बोटे कापू लागतो. हाच पतंग दहा-बारा चौरस मीटरचा केला, त्याच्या दोऱ्या माणसाच्या कमरपट्ट्यास जोडल्या आणि त्या माणसास पायाखाली फळी देऊन उथळ पाण्यात उभे केले, तर पतंग त्याला पाण्यावरून ओढत नेईल. या खेळास काइटबोर्डिंग असे नाव आहे.

पतंगाच्या ओढीचा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या शिक्षकाने १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व मिळविले. सॅम्युएल कोडी याने १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या लहान नावेतून इंग्लिश खाडी ओलांडली. परंतु पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उडवावा कसा, ही अडचण कायम होती. फ्रान्समधील ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग तयार करून तिच्यावर उपाय काढला. असा पतंग बुडत नाही. तो पाण्यावर तरंगतो आणि पुन्हा उचलता येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या शर्यतींचा प्रथमच समावेश झाला. त्या मार्सेय येथील समुद्रात झाल्या.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आणि दोन्ही किनाऱ्यांपासून सुमारे ३०० किलोमीटर आत आहे. तेथे राहणाऱ्या वाचकास हा खेळ शिकावयाचा असल्यास त्याला प्रवास करावाच लागेल. उष्ण कटिबंधातील आणि रस्त्याने गाठता येणारे बेट हवे असेल, तर तमिळनाडूतील रामेश्वरचे बेट सोयीचे आहे. काशीच्या गंगेची कावड रामेश्वरास नेण्याची परंपरा महाराष्ट्रास परिचित आहे. त्यामुळे हे नाव आपल्यास परके नाही. आज येथे पतंगाचा हा खेळ शिकविलाही जातो.

सहल म्हटली की आपण प्रथम सुट्टी पाहतो, मग तिकिटे आणि मग राहण्याची जागा. या सहलीत हा क्रम चालत नाही. येथे प्रथम वारा, नंतर पाणी, त्यानंतर शिक्षक आणि सर्वांत शेवटी सुट्टी पाहावी लागते. असे का, हे या पाठात पाहू.

पतंगाची ओढ कोठून येते?

वाहणारी हवा एखाद्या पृष्ठभागावर आदळली की त्यावर दाब पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हा दाब दुप्पट होत नाही. तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट होतो. शास्त्राच्या भाषेत, दाब हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

समुद्रावर वाऱ्याचा वेग ‘नॉट’ या एककात सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वारा १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर असेल, तर एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे २३ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलो वजनाइतका जोर पडतो. १८ नॉटला हाच जोर सुमारे सव्वापाच किलो होतो आणि २४ नॉटला सव्वानऊ किलोच्या आसपास जातो. आता दहा चौरस मीटरचा पतंग घ्या. ढोबळ मानाने १२ नॉटच्या वाऱ्यात तो २३ किलोच्या ओझ्याइतका खेचेल, तर २४ नॉटच्या वाऱ्यात ९३ किलोइतका. पहिली ओढ सशक्त माणूस पाय रोवून सहन करील. दुसरी त्याला जागेवरून उचलील. वाऱ्याचा वेग मात्र केवळ दुप्पट झालेला आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. पतंग आकाशात स्थिर नसून आडवा धावत असेल, तर त्याला लागणारा वारा मूळ वाऱ्यापेक्षा अधिक असतो. सायकल वेगाने चालविताना तोंडावर लागणारा वारा आपणच निर्माण केलेला असतो. तसेच हे आहे. पतंग वाऱ्याच्या वेगानेच आडवा गेला, तर ओढ दुप्पट होते. तो वाऱ्याच्या दुप्पट वेगाने आडवा गेला, तर ओढ पाचपट होते. म्हणजे वारा मुळीच न वाढता, केवळ नवशिक्याने दांडी घाबरून एका बाजूस खेचल्यामुळे, ओढ पाचपट होऊ शकते. या खेळातील पुष्कळ अपघातांचे मूळ या एका वाक्यात आहे.

प्रयोग. मोकळ्या मैदानात, विजेच्या तारांपासून दूर, साध्या सुती दोऱ्याने लहान पतंग उडवा. दोऱ्याचे टोक स्प्रिंगच्या काट्यास बांधा. पतंग डोक्यावर स्थिर असताना काट्यावरील आकडा लिहून ठेवा. नंतर पतंग डावीकडून उजवीकडे वेगाने फिरवा आणि आकडा पुन्हा पाहा. दोन आकड्यांतील अंतर हीच या पाठाची पहिली शिकवण होय.

वाऱ्याची खिडकी

पाठ वाऱ्याकडे करून उभे राहा. तुमच्यासमोर अर्ध्या घुमटासारखी एक जागा आहे अशी कल्पना करा. दोऱ्यांची लांबी २० ते २४ मीटर असेल, तर तीच या घुमटाची त्रिज्या. पतंग या घुमटाच्या आतील बाजूवरच फिरू शकतो. तिला वाऱ्याची खिडकी म्हणतात.

ही खिडकी घड्याळाच्या तबकडीप्रमाणे समजून घेणे सोपे जाते. पतंग नेमका डोक्यावर असेल तर तो बारा वाजण्याच्या जागी आहे. डावीकडे जमिनीलगत असेल तर नऊच्या, उजवीकडे असेल तर तीनच्या. या कडांवर ओढ सर्वांत कमी असते. खिडकीच्या मध्यभागी, म्हणजे वारा ज्या दिशेने जात आहे त्या दिशेस अगदी समोर, ओढ सर्वांत अधिक असते. पतंग उचलताना आणि उतरविताना तो नेहमी कडेलाच ठेवावा, मध्यभागी कधीही नव्हे, हा नियम यावरून आपोआप निघतो.

खारे वारे आणि मोसमी वारे

किनाऱ्यावर दोन प्रकारचे वारे उपयोगी पडतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरील हवा तिची जागा घेते. हे खारे वारे. पहाटे उलट दिशेने जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या मंद वाऱ्यास कोकणात मतलई म्हणतात. गोव्याच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर हिवाळ्याच्या अखेरीपासून मेपर्यंत दुपारी जो वारा मिळतो तो मुख्यतः खारा वारा होय. तो दुपारी उठतो आणि सायंकाळी पडतो.

रामेश्वरला मोसमी वाऱ्यांचा आधार अधिक आहे. साधारणतः मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारे मन्नारच्या आखातावरून येतात. डिसेंबरपासून मार्चच्या आरंभापर्यंत ईशान्येकडून वारा वाहतो. तमिळ भाषेत उत्तरेच्या गार वाऱ्यास ‘वाडै’ आणि दक्षिणेच्या मंद वाऱ्यास ‘तेन्द्रल’ अशी प्राचीन काळापासून वेगळी नावे आहेत; जेथे वाऱ्यावर जगणे अवलंबून असते तेथे वाऱ्यांना नावे असतातच.

वर्षाचे दोन भाग मात्र नवशिक्याने टाळावेत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मुख्य पावसाचे महिने आहेत. डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा धोका असतो. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत एक मोसम संपून दुसरा सुरू होत असतो व वारा भरवशाचा नसतो. आता बेंगळुरूच्या शाळांच्या सुट्ट्या पाहा. दसऱ्याची सुट्टी बहुधा ऑक्टोबरात येते आणि उन्हाळ्याची एप्रिल-मेमध्ये. म्हणजे दसऱ्याची सुट्टी वाऱ्याच्या वाईट काळातच पडते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचाही बराच भाग वाया जातो. ‘सुट्टी आहे म्हणून जाऊ’ या विचाराने निघालेला प्रवासी एकतर पावसात सापडेल किंवा निवांत पाण्याकडे पाहत बसेल. उन्हाळ्यातील नैऋत्य वारा सामान्यतः अधिक जोराचा असतो. म्हणून पहिल्या सहलीसाठी संक्रांतीनंतरचा काळ, म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी, उत्तम ठरतो.

बेट आणि त्याचे दोन किनारे

रामेश्वर ज्या बेटावर वसले आहे ते पांबन बेट होय. त्याच्या उत्तरेस पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेस मन्नारचे आखात आहे. पूर्वेकडे बेट निमुळते होत जाऊन धनुष्कोडीच्या पलीकडे वाळूच्या टोकाशी संपते. या अरुंद पट्ट्याच्या आसपास वाळूच्या बांधांमागे उथळ पाण्याची खाजणे तयार झाली आहेत.

बेटाची रचना अशी असल्यामुळे वारा कोणत्याही मोसमाचा असो, एक किनारा वातसन्मुख असतो आणि दुसरा वाऱ्याच्या आडोशास. ईशान्येचा वारा असताना उत्तरेच्या किनाऱ्यावर लाटा आदळतात, तर दक्षिणेकडे जमिनीच्या आडोशामुळे पाणी सपाट राहते. नैऋत्य मोसमात हे उलट होते. सपाट पाणी पाहून नवशिक्या साहजिकच तिकडे ओढला जातो. परंतु येथेच काळजी घेतली पाहिजे.

पडल्यावर कोठे जाऊ?

सपाट किनाऱ्यावर वारा कोणत्या दिशेने वाहतो? जमिनीवरून समुद्राकडे. तेथे ज्याचा पतंग पाण्यात पडला आणि पुन्हा उठला नाही, त्याला वारा किनाऱ्यापासून दूर नेईल. एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, पाण्यात पडलेला माणूस व त्याचा पतंग ताशी ३ किलोमीटर वेगाने वाहत जात आहेत. मोकळ्या समुद्राकडे वारा असेल, तर अर्ध्या तासात तो दीड किलोमीटर दूर जाईल. तेवढे अंतर वाऱ्याविरुद्ध पोहून परत येणे चांगल्या पोहणाऱ्यासही कठीण आहे. याच वेगाने तो ६०० मीटर रुंदीच्या, कमरेइतक्या खोल खाजणात पडला असेल, तर अधिकात अधिक १२ मिनिटांत पलीकडील वाळूच्या बांधास लागेल. आणि त्याआधीच त्याला उभे राहता येईल.

पाणी तेच, वारा तोच, चूकही तीच. एका जागी ती जिवावर बेतते आणि दुसऱ्या जागी तिची किंमत ओल्या कपड्यांइतकी असते. नवशिक्या चुका करणारच. चुका केल्यावाचून कोणी शिकत नाही. म्हणून सहलीची आखणी करताना विचारावयाचा पहिला प्रश्न असा: माझा पतंग पडला, तर वारा मला कोठे नेईल? या प्रश्नाचे उत्तर ‘उथळ पाण्यात’ किंवा ‘किनाऱ्यावर’ असे मिळेल तीच जागा नवशिक्याची.

किनाऱ्याकडे अगदी सरळ येणारा वाराही निर्धोक नसतो, कारण तो माणसास खडक, झाडे, होड्या किंवा भिंती यांवर नेऊन आपटू शकतो. किनाऱ्यास साधारण समांतर आणि किंचित किनाऱ्याकडे झुकलेला वारा सर्वांत चांगला. मोकळ्या समुद्राकडे वारा असेल तर नवशिक्याने पाण्यात उतरू नये. वाळूच्या बांधाने बंद झालेले खाजण असेल आणि सोडवणुकीची होडी जवळ उभी असेल, तरच याला अपवाद करावा.

रामेश्वरच्या बाबतीत आणखी एक कारण लक्षात ठेवावे. भारत आणि श्रीलंका यांच्यामधील सागरी सीमा १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरलेली आहे आणि ती या किनाऱ्यापासून फार दूर नाही. वाहत जाणारा माणूस केवळ खोल पाण्यात जातो असे नव्हे. तो दुसऱ्या देशाच्या हद्दीकडेही जाऊ शकतो.

या बेटाच्या बाजूने एक गोष्ट अनुकूल आहे. येथे भरती-ओहोटीतील फरक एक मीटरहून कमी असतो. मुंबईस उधाणाच्या वेळी तो पाच मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे सकाळी कमरेइतके असलेले पाणी दुपारी डोक्यावर जाईल, अशी भीती येथे नाही. तरीही पाण्यात उतरण्यापूर्वी खोली स्वतः चालून पाहावी.

मर्यादा आधी ठरवावी

पांबनचा जुना रेल्वेपूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीस खुला झाला. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त केले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी लाटांनी गिळली आणि तीतील शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुलाचेही मोठे नुकसान झाले, ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत दुरुस्त करण्यात आला. धनुष्कोडीचे पडके रेल्वेस्थानक आणि चर्च आजही वाळूत उभे आहेत.

या जुन्या पुलावर वारा मोजणारे यंत्र सिग्नलास जोडलेले असे. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की सिग्नल लाल होई आणि गाडी थांबे. गाडीस उशीर झाला आहे किंवा प्रवासी खोळंबले आहेत, याचा विचार ते यंत्र करीत नसे. या पुलावरील वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी नव्या पुलाचे उद्घाटन झाले. जुन्या यंत्राचा धडा मात्र जुना होत नाही. मर्यादा शांत चित्ताने, आधी आणि आकड्यात ठरविलेली असावी. उत्साहाच्या क्षणी ती ठरविण्याचे काम मनावर सोपवू नये.

नवशिक्यासाठी अशी मर्यादा पुढीलप्रमाणे ठरविता येईल. वारा १२ नॉटपेक्षा कमी असेल तर पतंग वारंवार पडेल. १८ नॉटपेक्षा अधिक असेल तर त्याची ओढ आवरणार नाही. या दोहोंच्या मधला वारा शिकण्याचा. वारा झटक्यांनी येत असेल, क्षितिजावर काळा ढग दिसत असेल किंवा विजेचा कडकडाट ऐकू येत असेल, तर आकडा कितीही अनुकूल असो, पतंग जमिनीवरच राहू द्यावा.

यंत्र जवळ नसतानाही वाऱ्याचा अंदाज करता येतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील आणि समुद्रावर तुरळक पांढरे तुरे दिसत असतील, तर वारा ७ ते १० नॉट असतो. धूळ व कागद उडू लागले आणि पांढरे तुरे बरेच दिसू लागले, तर तो ११ ते १६ नॉट. लहान झाडे डोलू लागली, तर १७ ते २१. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री धरणे कठीण झाले, तर तो २२ च्या पुढे गेला असे समजावे. ही ब्यूफोर्टची मोजपट्टी होय. तिच्यासाठी डोळे पुरेसे आहेत.

याशिवाय हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे लाटा व वारा यांविषयीचे अंदाज आणि भारतीय हवामान विभागाच्या सूचना रोज पाहाव्यात. चक्रीवादळाचा इशारा असता पांबन बंदरावर धोक्याची निशाणी चढविली जाते. ती चढली असेल त्या दिवशी सहल देवदर्शनाची करावी.

प्रवासाचे दिवस कसे मोजावे

बेंगळुरूहून रामेश्वर रस्त्याने सुमारे ६०० किलोमीटर आहे. होसूर, सेलम, दिंडिगल, मदुराई आणि रामनाथपुरम या मार्गाने जाता येते. मदुराईपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जाऊन पुढचा सुमारे १७० किलोमीटरचा प्रवास मोटारीने करणेही सोयीचे आहे. रात्रभर मोटार चालवून सकाळी पाण्यात उतरण्याचा बेत मात्र करू नये. थकलेल्या माणसाचा हात उशिरा चालतो आणि या खेळात एक-दोन क्षणांचा उशीर पुष्कळ असतो.

दिवसांचा हिशेब असा करावा. समजा, प्राथमिक शिक्षणास १० तास लागतात आणि नवशिक्याच्या अंगात रोज अडीच तासांचे बळ असते. म्हणजे वाऱ्याचे ४ दिवस हवेत. त्या महिन्यात १० पैकी ७ दिवस योग्य वारा असतो असे धरले, तर ४ ला ०.७ ने भागून सुमारे ६ दिवस येतात. जाण्यायेण्याचे २ दिवस मिळवून एकंदर ८ दिवस हातात असावेत. शनिवार-रविवार जोडून केलेल्या तीन दिवसांच्या सहलीत, वारा असला तरी, शिक्षण अर्धेच होईल. शिवाय दिवस थोडे असले की शेवटच्या दिवशी ‘आज नाही तर कधीच नाही’ अशी घाई मनात शिरते आणि आधी ठरविलेली मर्यादा मोडण्याचा मोह होतो. मोकळे दिवस म्हणजे पैशांची उधळपट्टी नव्हे. तो सुरक्षिततेचाच एक भाग आहे.

बेंगळुरूत करावयाची तयारी

समुद्र दूर असला तरी अर्धी तयारी घरीच होते. पहिली गोष्ट पोहणे. निदान २०० मीटर न थांबता पोहता यावे आणि पाण्यात शांतपणे तरंगता यावे. दुसरी गोष्ट दोन दोऱ्यांचा लहान सरावाचा पतंग. तो मोकळ्या मैदानात, तारा, झाडे आणि माणसे यांपासून दूर उडवावा. डावा हात ओढला की पतंग डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे. हे हातात इतके मुरले पाहिजे की पतंगाकडे न पाहताही तो कोठे आहे ते कळावे.

तिसरी गोष्ट शिक्षकाची निवड. आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ आहे काय? एका शिक्षकाकडे एका वेळी किती शिकणारे असतात? शिरस्त्राण आणि तरंगण्याचे जाकीट दिले जाते काय? सोडवणुकीची होडी कोठे असते? वारा अधिक असेल त्या दिवशीचे शुल्क परत मिळते काय? हे प्रश्न पत्राने किंवा दूरध्वनीने आधीच विचारावेत. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु तो महत्त्वाचा आहे. पैसे परत मिळणार नसतील, तर धोक्याच्या वाऱ्यातही धडा पार पाडावा असे दोन्ही पक्षांस वाटू शकते.

आपल्या विमापत्रात अशा खेळांतील दुखापत वगळली आहे का, तेही पाहून ठेवावे. सामान थोडेच लागते: लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, टणक तळाचे पाण्यातील जोडे, ऊन अडविणारा लेप आणि भरपूर पिण्याचे पाणी. पहिल्या सहलीपूर्वी पतंग विकत घेऊ नये. आपले वजन, हात आणि आवड यांस कोणता पतंग योग्य, हे शिकल्यानंतरच कळते.

किनाऱ्यावरील पहिले धडे

पहिल्या दिवशी फळी हातात मिळाली नाही म्हणून निराश होऊ नये. चांगला शिक्षक प्रथम पतंग सोडावयास शिकवितो. ही सोडवणूक तीन पायऱ्यांची असते. पहिली पायरी, दांडी हातातून सोडून देणे. त्याने पतंगाची बरीचशी ओढ जाते. दुसरी, कमरपट्ट्याजवळील सुटकेची कळ दाबणे अथवा ओढणे. मग पतंग एकाच दोरीवर लोळण घेतो आणि त्याचा जोर संपतो. तिसरी, ती शेवटची दोरीही सोडून पतंगास जाऊ देणे. पतंग महाग असतो आणि म्हणूनच नवशिक्याचा हात तिसऱ्या पायरीस कचरतो. त्याला आधीच सांगून ठेवावे की पतंग पुन्हा मिळतो. या तिन्ही कृती डोळे मिटून करता येईपर्यंत कोरड्या वाळूवर कराव्यात.

त्यानंतर फळीशिवाय, केवळ पतंगाच्या ओढीने अंग पाण्यातून सरकविण्याचा धडा येतो. तो करताना माणूस पाण्यात पडलेली फळी परत मिळविण्यास शिकतो. मग पडलेला पतंग पाण्यावरून उचलणे आणि तो न उठल्यास दोऱ्या गुंडाळून त्यालाच तराफ्यासारखे धरून किनारा गाठणे. फळीवर उभे राहणे सर्वांत शेवटी येते. हा क्रम बदलून पहिल्याच दिवशी फळीवर उभे करण्याचे आश्वासन देणारा शिक्षक टाळावा.

किनारा दुसऱ्याचाही आहे

आपण ज्या वाळूवर पतंग पसरतो ती पुष्कळदा कोणाची तरी जाळी वाळविण्याची जागा असते. जाळ्यांवरून चालू नये. पाण्यात लावलेल्या जाळ्यांच्या तरंगत्या खुणा ओळखून त्यांपासून दूर राहावे, कारण त्यात अडकलेला पतंग आपलेही नुकसान करतो आणि कोळ्याच्या दिवसभराच्या कष्टाचेही. त्या किनाऱ्यावरील वाऱ्याची सर्वांत चांगली जाण याच माणसांस असते. ते होड्या ओढून घेत असतील, तर कारण विचारण्यापूर्वी आपणही पतंग उतरवावा.

मन्नारच्या आखातातील २१ बेटांचा परिसर १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. तेथे प्रवाळ आणि समुद्री गवताची कुरणे आहेत; त्या कुरणांवर चरणारी समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, दुर्मीळ झाली आहे. या बेटांवर परवानगीवाचून जाऊ नये आणि प्रवाळावर पाय ठेवू नये. जे वाढावयास अनेक वर्षे लागतात ते एका पावलाखाली मोडते.

समारोप

या पाठात आपण वाऱ्याच्या दाबापासून आरंभ केला आणि कोळ्यांच्या जाळ्यांपर्यंत आलो. या सर्वांस जोडणारा धागा एकच आहे. निसर्गाचे बल आपल्या सोयीनुसार कमी-अधिक होत नाही. आपली सोय त्याच्या नियमांप्रमाणे बसवावी लागते. वाऱ्याचा महिना निवडावा, चूक झाली तरी तिची किंमत थोडी पडेल असे पाणी निवडावे, आकड्यांत मर्यादा लिहून ठेवावी आणि ती पाळता यावी इतके दिवस हाताशी ठेवावेत. एवढे केल्यावर सहा दिवसांत फळीवर एकदाही उभे राहता आले नाही, तरी सहल फुकट गेली असे मानू नये. वारा ओळखता येऊ लागला आणि ‘आज नको’ असे म्हणता येऊ लागले, तर पुढच्या वर्षी समुद्र तेथेच असणार आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वाऱ्याचा वेग १० नॉटवरून १५ नॉट झाला, तर पतंगाची ओढ किती पट होईल?

२. पतंग उचलताना तो वाऱ्याच्या खिडकीच्या मध्यभागी का नसावा?

३. ईशान्येचा वारा असताना पांबन बेटाच्या कोणत्या किनाऱ्यावर पाणी सपाट असते? तेथे नवशिक्यास कोणता धोका आहे?

४. खाजण ४०० मीटर रुंद आहे आणि पडलेला पतंग ताशी २ किलोमीटर वेगाने वाहत आहे. माणूस पलीकडील बांधास अधिकात अधिक किती वेळात पोहोचेल?

५. आठ दिवस शाळेच्या आवारातील झाडांकडे पाहून ब्यूफोर्टच्या मोजपट्टीने वाऱ्याचा अंदाज लिहा. तुमच्या गावी वारा दिवसाच्या कोणत्या वेळी सर्वांत अधिक असतो, आणि का?